बर्फावरचा वणवा

भोरकडच्या माणसाला वणवा नवा नसतो. फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटला की निरगुडीची ओली फांदी तोडायची आणि पळत जाऊन गवत झोडपायचं, हे मी चौथी-पाचवीपासून केलंय. आग कुणी लावली हे गावाला माहीत असायचं आणि कुणी बोलायचं नाही. त्यामुळे २०१४ च्या जुलैत कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये वणव्यावर जायचं ठरलं तेव्हा मनात एकच होतं, वणवाच तो, फार तर जरा मोठा असेल.

मी तेव्हा अल्बर्टात, म्हणजे त्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या प्रांतात राहत होतो. बांधकामावरचं काम संपलेलं, आणि वणव्यासाठी कंत्राटी तुकड्या भरत होते. आठवडाभराचं प्रशिक्षण आणि एक चाचणी झाली: पाठीवर वीस किलोंचं ओझं घेऊन पावणेपाच किलोमीटर पाऊण तासात चालायचं, पळायचं नाही. पळणं सोपं होतं असं शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला वाटलं.

पहिला दिवस

पहाटेपासून मॅकेन्झी हायवेवर उत्तरेला. वीस माणसं, तीन गाड्या. हाय लेव्हल गावात नाश्त्याला थांबलो. पुढे सिग्नलचा भरवसा नव्हता म्हणून तिथूनच घरी फोन लावला. तिकडे तिन्हीसांजा झालेल्या, आईचा दिवा लावून झालेला.

"आग लावली कुणी?" हा तिचा पहिला प्रश्न.

"कुणी नाही गं. वीज पडली."

"वीज पडली तर पाऊस नाही का पडला?"

मला उत्तर देता येईना. आपल्याकडे वळवाची वीज कडाडते तीच पाणी घेऊन. गाडीत बसल्यावर तुकडीच्या बॉसला विचारलं. हा क्री या तिथल्या आदिवासी समाजातला पन्नाशीचा माणूस, पंचवीसेक उन्हाळे आगीवर काढलेला. तो म्हणाला, इथे ढग उंचावर असतात, खालची हवा कोरडी. पाऊस निघतो पण जमिनीवर पोचायच्या आत वाळून जातो. वीज तेवढी पोचते. आणि पोचली की लगेच आग दिसेलच असं नाही. शेवाळाच्या गादीत ठिणगी चार-चार दिवस धुमसत राहते आणि वारा-ऊन जमून आलं की वर येते. कॅनडातल्या वणव्यांपैकी निम्मे विजेचे, पण जळालेल्या क्षेत्राचा हिशेब मांडला तर साधारण ८५ टक्के विजेच्याच खात्यावर. माणसानं लावलेली आग रस्त्याजवळ, गावाजवळ असते, लवकर सापडते. वीज कुठेही पडते.

साठाव्या अक्षांशावरची पाटी ओलांडली, एंटरप्राइज नावाचं छोटंसं गाव लागलं, कॉफी घेतली. (२०२३ च्या ऑगस्टमध्ये याच गावातली बहुतेक घरं वणव्यात गेली. बातमी वाचली तेव्हा आधी ते कॉफीचं दुकान डोळ्यांसमोर आलं.) संध्याकाळी देह चो पूल. डेने या इथल्या आदिवासी लोकांच्या बोलीत देह चो म्हणजे मोठी नदी. नकाशावर तिचं नाव मॅकेन्झी. पूल २०१२ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. त्याआधी उन्हाळ्यात तराफा, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून रस्ता, आणि मधल्या दिवसांत पलीकडचे पलीकडे, अलीकडचे अलीकडे.

फोर्ट प्रॉव्हिडन्सच्या पुढे हायवेकडेला खडीच्या मैदानात तंबू ठोकले. रात्रीचे अकरा वाजले तरी सूर्य होता. धुरामुळे त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून बघता येत होतं. डास इतके, की ताटातला भात तोंडाकडे नेईपर्यंत त्यावर काळे तीळ पेरल्यासारखे दिसायचे.

दुसरा दिवस

सकाळी सहाला नकाशा. इथे आगीला नाव नसतं, नंबर असतो, आणि आमची आग नकाशावर हाताच्या पंजाएवढी होती. अधिकारी बाईंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की ही आग आपण विझवणार नाही. मी आजूबाजूला पाहिलं. कुणालाच धक्का बसलेला दिसला नाही.

कामं दोन. एक, हायवे क्रमांक ३ राखायचा, कारण यलोनाइफ या राजधानीला जाणारा हा एकमेव रस्ता, आणि त्या गावात वीस हजार माणसं. दोन, तळ्याकाठच्या काही केबिन. बाकी आग जाईल तिकडे जाऊ द्यायची आणि वरून लक्ष ठेवायचं. हा प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आणि वस्ती चव्वेचाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. शेकडो आगी एकाच वेळी पेटलेल्या असताना कुणाच्या मागे धावणार? शिवाय हे जंगल जळत-उगवतच आलंय. जॅक पाइनची फळं राळेनं चिकटून बंद असतात, आगीची धग लागल्याशिवाय उघडत नाहीत.

हे सगळं पटलं, तरी हात शिवशिवत होते. समोर जळतंय आणि आपण नकाशा बघत बसायचं, हे भोरच्या डोंगरात कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

तिसरा ते सहावा दिवस

पाइप ओढण्याचे दिवस. तळ्याच्या काठावर पंप ठेवायचा आणि तिथून आगीच्या कडेपर्यंत दीड इंची पाइप जोडत न्यायचे, एकेक तुकडा तीस मीटरचा. पायाखाली जमीन म्हणावी अशी नाहीच. भिजलेल्या गादीवरून चालल्यासारखं, प्रत्येक पावलाला घोट्यापर्यंत आत. वाळलेल्या भागात पांढरं दगडफूल पसरलेलं, ते पापडासारखं कडाकडा मोडतं. काळ्या स्प्रूसची झाडं हाताच्या मनगटाएवढी जाड आणि शंभर-शंभर वर्षांची. फांद्या थेट जमिनीला टेकलेल्या, त्यांवर दाढीसारखं लोंबणारं वाळकं शेवाळ. आगीला शेंड्यावर चढायला शिडी आयतीच तयार.

पंप छोटा, पंचवीस किलोंच्या आसपास, माणूस पाठीवर घेऊन चालू शकतो. पण आवाज असा की शेजारच्याशी खाणाखुणांनीच बोलायचं. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे जुन्या बजाज स्कूटरसारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. आता ज्याच्या घरात अशी स्कूटर होती, जो पंपावर उभा राहून "टू-टी टाका" म्हणत मोठा झाला, त्याच्याकडून ही चूक व्हायला नको होती. चौथ्या दिवशी दुपारी मी घाईत दुसराच डबा उचलला. साधं पेट्रोल. पंप दहा-पंधरा मिनिटं झकास चालला, मग आवाज चढला, एक किंचाळी, आणि गप्प. दोरी ओढून पाहिली, हलेना. जाम.

पाचशे मीटर पाइपलाइनच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली धार मेली. रेडिओवर बॉस: "पाणी?" मी खरं काय ते सांगितलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग तो म्हणाला, "डबा आणि पंप दोन्ही घेऊन रस्त्यावर ये. चालत." दीड किलोमीटर, त्या गादीवरून, मेलेला पंप पाठीवर. संध्याकाळी हेलिकॉप्टरनं दुसरा पंप आणला, म्हणजे ते हेलिकॉप्टर दोन तास दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला गेलं नाही. बॉस पुन्हा त्याबद्दल अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या डब्यांवर लाल चिकटपट्टी लावलेली होती, आणि चिकटपट्टीचं रीळ माझ्या तंबूसमोर ठेवलेलं.

सातवा दिवस

आज कडेची सफाई. ज्वाळा गेल्यावर खरं काम सुरू होतं, कारण इथली आग वर कमी आणि खाली जास्त असते. हातमोजा काढायचा आणि पंजाची मागची बाजू जमिनीजवळून फिरवायची. तळव्याला घट्टे असतात, मागच्या कातडीला धग लवकर कळते. गरम लागलं की पुलास्की चालवायची. हे एक हत्यार, एका अंगाला कुऱ्हाड आणि दुसऱ्या अंगाला आपल्या कुदळीसारखं आडवं पातं. खणायचं, पाणी मारायचं, चिखल होईपर्यंत ढवळायचं, पुन्हा हात लावून बघायचा.

दुपारी एका स्प्रूसच्या बुंध्याशी बारीक धूर दिसला, उदबत्तीएवढा. खणायला लागलो. वर राख, खाली तपकिरी, वाळलेला, चहाच्या चोथ्यासारखा थर, त्यात लाल किडे वळवळावेत तसे निखारे. हातभर खाली गेल्यावर पातं खणकन वाजलं. दगड असेल म्हणून बाजूनं मारलं, तर पांढरा टवका उडाला. उचलून पाहिलं तर बर्फ. जुलै महिना, वरती निखारा, आणि खाली कित्येक वर्षं न वितळलेली जमीन. तो टवका मी गालाला लावला. राखेचं काळं पाणी गळ्यापर्यंत ओघळलं.

बॉस शेजारी येऊन खड्ड्यात बघत उभा राहिला. म्हणाला, हा थर खोल असेल तिथे आग हिवाळाभर बर्फाखाली जिवंत राहते, उणे तीसमध्येसुद्धा, आणि मे महिन्यात तिथूनच पुन्हा वर येते. मला ती थाप वाटली. थाप नव्हती, २०१५ च्या वसंतात त्या भागातल्या कितीतरी आगी आदल्या वर्षीच्याच होत्या, आणि आता उपग्रहाच्या चित्रांवरून त्यांचा शोध घेतात.

आठवा दिवस

चौघांना हेलिकॉप्टरनं एका तळ्यावर सोडलं. सोबत केबिनचे मालक, सत्तरी ओलांडलेले डेने आजोबा. केबिन ओंडक्यांची, दोन खोल्यांची. छपराच्या आढ्यावर फवारे बसवायचे, तळ्यात पंप सोडायचा, आणि भिंतीभोवतीचं शेवाळ, वाळक्या फांद्या साफ करायच्या. छप्पर आणि भोवतालची पंधरा-वीस मीटर जमीन भिजत राहिली की आग बहुतेक वेळा वळसा घालून जाते.

आम्ही छपरावर चढलो तेव्हा आजोबा घरात गेलेच नाहीत. त्यांनी आधी मासेमारीची जाळी उचलली आणि होडीत ठेवली. मग बोटीचं इंजिन. मग आम्हाला हाक मारून बर्फावरची स्कूटर ढकलायला लावली, थेट पाण्याच्या कडेच्या वाळूत. त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर ओली वाळू. तेवढं झाल्यावर ओंडक्यावर बसले आणि सुकवलेला मासा काढून सगळ्यांना दिला. वास नाकात गेला तशी बाजाराच्या दिवशीची सुकटवाल्या मावशींची टोपली आठवली. मी दोन तुकडे जास्तच खाल्ले.

"तुमच्याकडे वीज पडते?" त्यांनी विचारलं.

"पडते. पण पाऊस घेऊन पडते."

"इथेही पूर्वी जास्त वेळा तशीच पडायची," ते म्हणाले. मग बराच वेळ तळ्याकडे बघत होते. त्यांच्या लहानपणी वडील आणि काका एप्रिल-मेमध्ये, झाडीत अजून बर्फ असतानाच, कुरणातलं जुनं गवत पेटवून द्यायचे. बर्फापाशी जाऊन आग आपोआप विझायची, आणि उन्हाळ्यात पेटायला काही उरायचं नाही. पुढे सरकारनं ते बंद करायला लावलं.

मी त्यांना आमच्याकडच्या जाळरेषेबद्दल सांगितलं: वनखात्याची माणसं उन्हाळ्याआधी गवताचा पट्टा जाळून ठेवतात, म्हणजे वणवा तिथे येऊन अडतो. त्यांनी 'जाळरेषा' हा शब्द दोनदा म्हणवून घेतला. 'ळ' काही जमला नाही.

नववा दिवस

धूर इतका की हेलिकॉप्टर उडालं नाही. हत्यारांना कानस मारली, झोप काढली. न्याहारीच्या अंड्यांवर मी घरची कांदा-लसूण चटणी टाकली होती. संध्याकाळपर्यंत बरणीचा तळ दिसला. नुकसान भरून देतो म्हणणारे अजून भरून देताहेत.

दहावा दिवस

सकाळीच धूर विरला आणि आकाश निळंभोर झालं. मला आनंद झाला, बॉसला नाही. धूर असतो तेव्हा आगीवर सावली असते. दुपारी दोनला रेडिओवर आकडे आले: तापमान ३१, आर्द्रता २४. आर्द्रतेचा आकडा तापमानाच्या खाली गेला की त्याला इथे क्रॉसओव्हर म्हणतात, आणि तो शब्द कानावर पडला की हसणं-खिदळणं थांबतं.

तीनच्या सुमारास वारा फिरला. आधी पाठीवर लागत होता, मग एकदम शांत, मग तोंडावर. शंभरेक मीटरवर एक स्प्रूस पेटला. पेटला म्हणणंसुद्धा बरोबर नाही, बुडापासून शेंड्यापर्यंत दोन सेकंदांत नुसता भडका. मग शेजारचा. मग मोजणं शक्य नव्हतं. आवाज बोरघाटात मालगाडी उतरताना येतो तसा, फक्त गाडी संपतच नाही.

"काळ्यात!" बॉस ओरडला. रोज सकाळी घोकलेला नियम: जळून गेलेली जमीन हाच आसरा, कारण जळालेलं पुन्हा जळत नाही. पंप चालूच सोडला, पाइप टाकले, आणि माणसं मोजत काळ्या भागात आत चाललो, पळायचं नाही. काळ्यातही बसायला जागा शोधावी लागते. झाडं उभी दिसतात पण मुळं जळालेली, वारा नसतानाही आवाज न करता खाली येतात. एका उघड्या ठिकाणी राखेत वीस जण पाठीला पाठ लावून बसलो. तीन तास.

डोक्यावर धुराचा ढग चढत गेला, वरून फुलकोबीसारखा पांढरा, खालून तपकिरी. त्यातून गडगडलं. आगीनं स्वतःचा ढग केला होता, आणि त्या ढगातून पुढच्या जंगलावर विजा पडत होत्या. पिवळी विमानं आली. तळ्यावरून सरपटत जातात, दहा-बारा सेकंदांत पाच हजार लिटरहून जास्त पाणी पोटात घेतात आणि आगीवर सोडतात. एरवी बघत राहावं असं दृश्य. त्या दिवशी मात्र तापल्या तव्यावर चार थेंब शिंपडावेत तसं वाटलं. थोड्या वेळानं वैमानिकांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते रस्त्याच्या बाजूला निघून गेले.

मी घाबरलो होतो का? बसल्या बसल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होतो, सात-आठ वेळा. शेजारच्या पोरानं हात धरून थांबवलं.

संध्याकाळी परत गेलो तेव्हा पाइपचे वीस तुकडे जळालेले, पंपाच्या जागी वितळलेल्या अॅल्युमिनियमचं थारोळं. बॉस माझ्याकडे बघून म्हणाला, "हा तू नाही मारलास." इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच त्या विषयावर बोलला.

अकरावा दिवस

आग हायवेकडे वळली, रस्ता बंद केला. रात्री हवा ओलसर झाल्यावर काट्यानं काटा काढायचा बेत. रस्त्याच्या कडेनं माणसं उभी केली, हातात नळीचे डबे. डिझेल-पेट्रोलचं मिश्रण पेटत्या थेंबांनी खाली पडतं. आत हेलिकॉप्टर पिंगपाँगच्या चेंडूसारखे गोळे टाकत होतं, त्यांत पोटॅशियम परमँगनेट असतं, टाकताना सुईनं ग्लायकॉल भरतात, आणि जमिनीवर पडून ते आपोआप पेटतात. रस्ता आणि मोठी आग यांच्यामधलं जंगल आपणच जाळून टाकायचं. तीन किलोमीटर मी आग लावत गेलो. आईला हे सांगायचं नाही असं तेव्हाच ठरवलं.

पहाटे दोनच्या अंधुक उजेडात पाच रानगवे रस्त्यावरून आले, अमेरिकन बायसन, खांदे माझ्या डोक्याच्या वर. एका बाजूला ज्वाळा, दुसऱ्या बाजूला पाण्याचे टँकर, आणि हे मधून लग्नाच्या वरातीसारखे सावकाश. आम्ही ओळ मोडून त्यांना वाट दिली. रस्ता वाचला.

बारावा ते चौदावा दिवस

पुन्हा हाताची मागची बाजू, पुन्हा खड्डे. तेराव्या दिवशी पाऊस आला. तंबूतून बाहेर पळालो, तर पाच मिनिटांत संपला. राखेवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे तेवढे पडले. आग आणखी उत्तरेला गेली होती, तिथे तळी होती आणि माणूस नव्हता, म्हणून ती आता आमची नव्हती. त्या उन्हाळ्यात या प्रदेशात ३८५ आगी झाल्या आणि ३४ लाख हेक्टर जळालं. पुणे, सातारा आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे एकत्र धरले तर साधारण तेवढी जमीन होते.

आजोबांच्या केबिनची खबर हेलिकॉप्टरवाल्यानं दिली. तिन्ही बाजूंनी काळं, मधे हिरवा गोल, गोलात घर. स्कूटरवरची ताडपत्री मात्र ठिणग्यांनी भोकं पडून चाळण झाली होती.

पंधरावा दिवस

परत. हाय लेव्हलला फोनला पट्ट्या आल्या आणि पंधरा दिवसांचे सगळे मेसेज एकदम वाजले. आईला फोन लावला.

"विझली का रे?"

"नाही."

"नाही? मग पंधरा दिवस तिथं केलंस काय?"

मी विचार केला. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलं ते आठवलं.

"पाइप गुंडाळले," मी म्हटलं.